वहिनींचा आरोग्य कक्ष

सिस्टरनं काळबांडेंच्या दंडाचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, आकडा पाहिला आणि तो पुन्हा गुंडाळला. मागे उभे राहून थट्टा करणारे दोघे-तिघे आकडा पाहायला पुढे वाकले. दुसऱ्यांदाही आकडा तसाच आला. सिस्टरनं कक्ष सांभाळणाऱ्या वर्षालीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, यांना आजच्या आज सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या, उद्यावर ठेवू नका.

काळबांडे बाही खाली करत हसले. अधिवेशन चालू आहे, आकडा वर नसेल तरच नवल, म्हणाले. खिडकीतून डिसेंबरचा गार वारा येत होता आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

वर्ध्याच्या सरकारी कार्यालयातली ही खोली आधी मोडक्या खुर्च्यांची होती. कर्मचाऱ्यांसाठी स्वास्थ्य कार्यक्रम सुरू करावा, असं परिपत्रक मुंबईहून आलं, तेव्हा साहेबांनी वर्षालीला समन्वयक केलं. "तुमच्यापेक्षा हे काम कोणाला जास्त कळणार?" असं ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही.

तिचा नवरा प्रफुल याच कार्यालयात होता. असंच नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू असताना, आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करता करता त्यानं टेबलावर डोकं टेकवलं, ते उचललंच नाही. दुपारी त्यानं घरी फोन केला होता. जबडा दुखतोय, दात असेल, म्हणाला. आत्ताच दाखवून या, असं ती म्हणाली, तर एवढं एक उत्तर जाऊ दे, म्हणाला.

पुढे त्याच्या जागी तिला अनुकंपावर नोकरी मिळाली. कागदावर ती कनिष्ठ लिपिक, कार्यालयात मात्र सगळ्यांची वहिनी. मॅडम कोणी म्हटलंच नाही. तिलाही ते बरं वाटायचं. त्या हाकेत प्रफुल अजून थोडा शिल्लक होता.

खोली तिनं स्वतः झाडली. सतरंज्या आणल्या, आठवड्याला सिस्टर यावी म्हणून आरोग्य केंद्रात खेटे घातले, दुपारच्या समोशांऐवजी मटकीची उसळ सुरू केली. लोक हसले. वहिनी, तंबाखूचा खर्रा तेवढा राहू द्या, म्हणाले. पण हळूहळू जेवण झाल्यावर इमारतीभोवती फेरी मारायला लागले. कोणी गुडघ्याचं सांगायला त्या खोलीत येऊन बसे, कोणी मुलीच्या लग्नाचं. साहेबांकडे वर्षालीनं एकच मागणं केलं होतं. सिस्टर ज्याला जा म्हणेल, त्याला त्याच दिवशी सोडायचं. साहेब म्हणाले होते, अर्थात.

आज ती साहेबांकडे गेली, तेव्हा ते फोनवरच होते. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, एक उत्तर संध्याकाळपर्यंत नागपूरला गेलंच पाहिजे आणि ते काळबांडेंशिवाय कोणाला जमणार नाही. जिल्ह्यात किती पदं रिकामी आहेत, असा प्रश्न होता. काळबांडे स्वतःच शेजारच्या दोन रिकाम्या टेबलांचं काम ओढत होते. उत्तर गेलं की माझी जीप देतो, साहेब म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

बरं, म्हणून वर्षाली बाहेर आली. बरं म्हणायची तिला सवय होती. अनुकंपावर आलेल्या माणसाला ती लवकर लागते. जागेवर बसून तिनं टपाल उघडलं. समोर काळबांडे टाइप करत होते. मध्येच ते थांबले आणि जबडा चोळू लागले.

वर्षाली उठली. ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

"भाऊ, उठा."

"एवढं एक उत्तर जाऊ द्या वहिनी. मंग जातो न."

तिनं त्यांच्या पुढ्यातला कीबोर्ड ओढून घेतला. एवढ्या वर्षांत तिनं तिथं कोणाच्या वस्तूला न विचारता हात लावला नव्हता. मग शिपायाला ऑटो आणायला पिटाळलं. गलबला ऐकून साहेब दारात आले.

"वहिनी, जीप देतो म्हणालो ना मी. वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माही," ती म्हणाली. "तुम्हीच तं देली साहेब."

साहेब दारातून बाजूला झाले, आणि काळबांडे बाहेर पडेपर्यंत त्यांनी दार धरून ठेवलं.

ऑटो सेवाग्रामच्या रस्त्याला लागला. दोन्हीकडच्या शेतांत तुरी उभ्या होत्या. काळबांडेंनी पुढचा दांडा घट्ट धरला होता. चेहरा मातीसारखा झाला होता.

"वहिनी, प्रफुलले असंच झालतं काय?"

"मले काय माईत, भाऊ. मी कुठं होती तिथं."

ते रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी होतो."

वर्षालीनं अंगावरची शाल काढून त्यांच्या छातीवर पांघरली आणि आता बोलू नका, म्हणाली. ती त्यांच्या खांद्याला धरून बसते न बसते तोच दवाखान्याचं फाटक आलं.

आत त्यांना ताबडतोब नेलं. मग एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. झटका सुरू झाला होता, पण वेळेवर आणलंत, आता धोका टळला, एवढं सांगून ती परत गेली. साहेबांचा फोन आला. कसे आहेत, हे त्यांनी आधी विचारलं आणि ऐकल्यावर मोठा श्वास सोडला. मग ओशाळल्या आवाजात, ते उत्तर कॉम्प्युटरवर कुठल्या नावानं ठेवलंय, असं विचारलं. वर्षालीला ठाऊक नव्हतं.

काळबांडेंची बायको जवळच्याच सेलूला माहेरी गेली होती. ती भावासोबत धापा टाकत आली. वर्षालीचे दोन्ही हात तिनं छातीशी धरले.

"तुमच्यामुळं माह्यं कुंकू राह्यलं, वहिनी."

म्हणाली, आणि कोणापुढं म्हणाली ते कळून तिचा चेहरा उतरला. हात मात्र तिनं सोडले नाहीत.

"राहू द्या," वर्षाली म्हणाली. "आत जा. वाट पाहून राह्यले असतीन ते."

मग ती बाकावर एकटी बसली. प्रफुल गेला तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकानं सांगितलं होतं, न्यायला वेळच मिळाला नाही हो, सेवाग्राम काय जवळ आहे? तिनं ते मान्य केलं होतं. केलं नसतं, तर त्याच माणसांमध्ये रोज जाऊन तिला बसता आलं नसतं. सेवाग्राम तिनं शंभरदा पाहिलं होतं, तरी त्या एका वाक्यापुरतं तिनं ते दूर नेऊन ठेवलं होतं.

बाहेर तोच ऑटोवाला उभा होता. पेशंटचं काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. वाचले, तिनं सांगितलं.

"मंग काऊन रडून राह्यल्या, ताई?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत बसली. "सावकाश घ्या, भाऊ," म्हणाली. "आता कोणतीच घाई नाई."

त्यानं खरंच सावकाश घेतला. सायकलवाले पुढं निघून गेले. रस्ता लांबावा, खूप लांबावा, असं तिला वाटत होतं. पण वर्धा लगेच आलं.