अठरावा घाणा

अढीत दोन हजार किलो हापूस होता, सगळा पिकलेला. कापायला बायका अकरा. बॉयलर एक, आणि त्याला जळण आठ तासांपुरतं.

१९८४ चा मे महिना. चारुकाकांच्या आंबा डबाबंद करायच्या कारखान्यात मी नुकतीच लागले होते. संख्याशास्त्राची पदवी ताजी होती. आदल्या दिवशी काका म्हणाले, "उल्के, उद्यापासून फक्त रस. फोडींना हात फार लागतात. रसाला चौघी पुरतील, बाकी सात जणींना सांगून टाक."

"फक्त रस केला तर चारशे किलो आंबा नासेल," मी म्हटलं आणि आलेख पुढे केला.

एका घाण्यात शंभर किलो आंबा. रसाच्या घाण्याला बॉयलरची तीस मिनिटं आणि बायकांचे मिळून दोन तास. फोडींच्या घाण्याला बॉयलरची वीस मिनिटं, पण बायकांचे सहा तास. आडव्या अक्षावर रस, उभ्यावर फोडी. बॉयलरच्या मर्यादेची एक रेघ, हातांच्या मर्यादेची दुसरी. दोन्हींच्या आत जे बसतं तेवढंच दिवसात जमतं, आणि सर्वांत जास्त आंबा संपतो तो कोपऱ्यावर, जिथे रेघा छेदतात. तिथे रस आठ, फोडी बारा. एकूण वीस. नुसत्या रसाला बॉयलर सोळावरच अडतो.

"याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात."

"नाव काही का असेना. उद्या संध्याकाळी उरलेला आंबा मी स्वतः काट्यावर ठेवीन. दोनशेच्या आत आला तर बायका राहतील. दोनशे भरले तरी सात घरी."

सकाळी आठला काशी, बायकांतली सर्वांत वयस्क, आंबा तोलून देऊ लागली. शंभर किलो भरले की ती वर एक आंबा ठेवायची.

"हा कशाला?"

"वरताळा गो. माप कोरडं देऊ नये."

मी हसले आणि फळ्यावर शंभर लिहिलं.

बाराला दहा घाणे व्हायला हवे होते. झाले आठ, रस चार आणि फोडी चार. बॉयलर मधे चाळीस मिनिटं नुसता धुमसला.

"बाई, तुमच्या रेघा माझ्या बॉयलरला दाखवायच्या राहिल्या वाटतं," बॉयलरवरचा सदू म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत बॉयलर तासभर दाबून ठेवला होता; एकला बायका पुन्हा कामाला लागल्या तशी मी कापायच्या टेबलाशी उभी राहिले. तुळसाने आंब्याच्या दोन्ही फोडी काढल्या आणि मग बाठा मुठीत धरून पिळायला घेतला, अगदी पांढरा होईपर्यंत. शेजारची तेच करत होती. फोडींच्या घाण्याला सहा नव्हे, नऊ तास जात होते. मी वेळ मोजला त्या दिवशी आंबा कच्चट होता. बाठ्याला पिळण्याजोगं काही राहतच नव्हतं.

मी फळ्यावर पुन्हा गणित मांडलं. पिळणं चालू राहिलं तर उरलेल्या चार तासांत जास्तीत जास्त नऊ घाणे, एकूण सतरा. थांबलं तर दहा, एकूण अठरा. म्हणजे नेमके दोनशे उरणार.

"काशी, बाठे पिळू नका. तसेच टाका."

"एवढा गर ठेवून? सासू असती तर माझा हात मोडला असता!"

"नाही थांबलात तर सात जणी उद्यापासून घरी."

टेबलावरच्या सुऱ्या थांबल्या.

"बाठे पिंपात टाका," मी म्हटलं. "पाचनंतर पिळून रस तुम्हीच घरी न्या."

"म्हाताऱ्याला विचारलंस?"

"नाही."

"मग टाका गो पिंपात," काशी म्हणाली, "आणि हात चालवा. तुळसा, तोंड नव्हे!"

चार वाजून सात-आठ मिनिटांनी सोळा झाले. सदूने शेवटचे ओंडके आत ढकलले. "दाब उतरतोय. आणायचं ते आत्ता आणा."

सतरावा रसाचा. अठरावा फोडींचा. तो तोलून झाल्यावर काशीने सवयीने वर आंबा ठेवला. या वेळी तो मी हातात घेऊन पाहिला. पाव किलोहून थोडा जास्त; सकाळपासून असे अठरा. परत ठेवला.

पाचला दोन मिनिटं असताना अठरावा घाणा बॉयलरवरून उतरला. बायका हात न धुताच अढीशी येऊन उभ्या राहिल्या. पेंढा झाडून उरलेला आंबा करंड्यांत भरला. एकेक करंडी काट्यावर चढत गेली. काकांनी चष्मा पुसला, वजनं सरकवली, दांडा स्थिर होईपर्यंत थांबले.

एकशे पंचाण्णव किलो.