सोबत कोण येणार

“हिला काढ,” काकू म्हणाल्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, थेट त्या मुलीच्या कपाळावर त्यांनी बोट ठेवलं.

मुलगी वाऱ्यावर केस उडवत हसत होती. वेबसाइटच्या तयार थीमबरोबर फुकट आलेली मुलगी. तिच्याखाली नमुन्याचा निरर्थक मजकूर होता आणि एक गुलाबी बटण.

“चित्र बदलता येतं, काकू,” वेबसाइट करून द्यायला आलेली ती म्हणाली. “ तुम्ही थीम बघा. पार्लरवाल्यांची सगळ्यात आवडती आहे ही.”

“मी पार्लरवाली आहे का?”

काकू गेली सव्वीस वर्षं विग बनवत होत्या. त्या विग म्हणत नसत, टोप म्हणत. खिडकीखालच्या फळीवर लाकडी डोकी ओळीने ठेवलेली होती आणि प्रत्येकावर जाळी ताणून बसवलेली होती. त्या जाळीत बारीक आकडीने एकेक केस गाठ मारून ओवायचा, हे त्यांचं काम. येणाऱ्या बहुतेक बायका आजारपणातून येत, औषधांनी केस गेलेल्या. हॉस्पिटलातल्या फलकावर काकूंचा नंबर कुणीतरी लावला होता, त्यावर फोन यायचे. काकू “हॅलो” म्हणायच्या, पलीकडे कुणीतरी श्वास घ्यायचं आणि फोन ठेवून द्यायचं. दिवसाला दोन-तीन तरी असे. बोलायची हिंमत होईपर्यंत महिना जायचा आणि मग बाई यायची ती डोक्याला रुमाल गुंडाळूनच. म्हणून वेबसाइट हवी होती.

“हॉस्पिटलातल्या बाकावर बसून ती मोबाइल उघडणार,” काकू म्हणाल्या, “आणि पहिलं काय बघणार, तर हिचे केस.”

तिने मान डोलावली आणि दुसरी थीम उघडली. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. गिऱ्हाइकाला तीन थीम दाखवायच्या, दुसरी त्याच्या गळ्यात मारायची, हा तिचा हातखंडा होता. दुसरी दवाखान्यांसाठीची होती. फिकट निळा रंग, हाताची घडी घालून उभे राहिलेले डॉक्टर.

काकूंनी चष्मा वर केला. “हे बघून मलाच ताप आल्यासारखं वाटतंय.”

तिला हसू आलं. तिसरी थीम ती सहसा दाखवायचीच नाही. दाखवण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. तिने ती उघडली. पांढरं पान, वर एक ओळ, खाली एक ओळ.

“ही खरं तर थीम नाही, फ्रेमवर्क आहे. नुसता सांगाडा. यावर सगळं आपण चढवायचं. तीन दिवसांऐवजी तीन आठवडे लागतील.”

काकूंनी शेजारच्या लाकडी डोक्यावरची जाळी उचलली, स्वतःच्या डोळ्यांपुढे धरली आणि जाळीतून तिच्याकडे पाहिलं.

“मग आधी हेच दाखवायचं सोडून कुठे फिरवत होतीस मला? मीही इथूनच सुरू करते.”

तीन आठवडे ती रोज सकाळी तिथे येऊन बसली. घरूनही काम झालं असतं, पण त्या खोलीत निर्णय पटापट व्हायचे. फ्रेमवर्कच्या मूळ फाइलींना तिने हात लावला नाही. त्यावर बेतलेली वेगळी ‘चाइल्ड थीम’ केली आणि सगळे बदल तिच्यात घातले. म्हणजे उद्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली, तरी आपलं केलेलं पुसलं जाणार नाही, असं तिने समजावून सांगितलं.

“आई बदलली तरी लेकीचा हट्ट कायम,” काकू आकडी न थांबवता म्हणाल्या.

सरकणारी चित्रं गेली. अक्षरं मोठी झाली. रंग तिने त्या लाकडी डोक्यांचा घेतला, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. पानावर चेहरा एकही ठेवला नाही. काकूंच्या हातांचा एक फोटो, आकडीत अडकलेला एक केस, बस. हॉस्पिटलच्या तळघरात रेंज नसते, हे काकूंकडून कळल्यावर तिने पान इतकं हलकं केलं, की जुन्या फोनवरही ते लगेच उघडायचं. आपण काहीतरी बांधतोय, ही भावना तिला बऱ्याच दिवसांनी आली होती. कामाला बसताना ती गुणगुणायलाही लागली होती.

भांडण झालं ते फॉर्मवरून. तिने नाव, फोन आणि तारीख असे तीन रकाने केले होते.

“नाव काढून टाक,” काकू म्हणाल्या. “भेटल्यावर सांगेल. आणि टोप कधीपर्यंत हवाय, ते विचार. सोबत कोण येणार, तेही.”

“काकू, रकाने वाढले की लोक अर्ध्यावर सोडून जातात. हे मी अनुभवाने सांगते.”

“एकटी येणारीला मी सकाळची पहिली वेळ देते, तेव्हा इथे कुणी नसतं. मला कळायला नको?”

तिने नावाचा रकाना काढला. मग हे दोन्ही रकाने घातले.

शुक्रवारी वेबसाइट तयार झाली. चाचणीसाठी तिने दुवा तिघांना पाठवला, “फॉर्म भरून बघा” म्हणून. एक तिच्याबरोबर काम करणारा, एक नवरा आणि तिसरी ताई. ताई शाळेत गणित शिकवायची आणि धाकट्या बहिणीच्या प्रत्येक वेबसाइटमधली चूक पहिली तिलाच सापडायची. फॉर्म मात्र ती कधी धड भरायची नाही. मागे टायरच्या दुकानाच्या फॉर्मवर तिने हत्तीसाठी चार टायर मागवले होते.

दुपारपर्यंत तिन्ही उत्तरं आली. सहकाऱ्याने सगळीकडे “टेस्ट” लिहिलं होतं. नवऱ्याने “सोबत कोण येणार” पुढे लिहिलं होतं, “बायको. तिच्याशिवाय मला सोडत नाहीत.”

तिसऱ्यावर ताईचा नंबर होता.

टोप कधीपर्यंत हवा: पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. औषधं येत्या सोमवारनंतर आठवड्याभरात सुरू होतील.

सोबत कोण येणार: धाकटी बहीण. तिला अजून सांगितलेलं नाही.

तिने ते दोनदा वाचलं. सवयीने आधी अक्षरं नीट आली आहेत का, ते पाहिलं. तारीख बरोबर पडली होती. जोडाक्षरं शाबूत होती. हत्ती कुठेच नव्हता. तिने लॅपटॉप मिटला आणि फोन लावला.

“फॉर्म पोचला,” ती म्हणाली.

“पोचला ना?” मागे शाळेचा गलका होता. “शेवटच्या रकान्यात तीनदा खोडलं मी.”

“कधी कळलं?”

“मागच्या मंगळवारी. लवकर सापडलंय म्हणतात. बरी होणार आहे मी, त्यात वाद नाही. तुला सांगायला रोज फोन लावायचे आणि तुझ्या थीमचंच ऐकून फोन ठेवून द्यायचे. तुला रडायचं असेल तर आत्ता रड. पाच मिनिटांनी माझा तास आहे.”

“सोमवारी सकाळी नऊला न्यायला येते,” ती म्हणाली.

सोमवारी काकूंनी दार उघडलं. दारातल्या दोघी बहिणींची नाकं सारखी होती. काकूंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. ताई खुर्चीत बसली. तिची वेणी खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबत होती. काकूंनी ती तळहातावर घेऊन वजन करावं तशी तोलली.

“औषधं सुरू झाली नाहीत ना अजून?”

“नाही.”

“मग हेच वापरू. सगळ्या टोपाला पुरायचे नाहीत. पण पुढचा, कपाळाकडचा भाग तुझ्याच केसांचा करते. बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.” त्यांनी डोक्याचं माप घेऊन टेप गुंडाळला. “माझ्याकडे बायका येतात तेव्हा वापरण्यासारखं काही उरलेलं नसतं. तू वेळेवर आलीस.”

“वेबसाइट बरी होती,” ताई म्हणाली.

काकूंनी वेणीला मानेजवळ दोरा घट्ट बांधला, दोन गाठी मारल्या. मग ड्रॉवरमधून कात्री काढली आणि धाकटीपुढे धरली.

“मी?”

“दोऱ्याच्या वर. एका जोरात होत नाही, थोडं थोडं काप. मुळाकडचं टोक आणि शेंड्याचं टोक एकत्र होऊ द्यायचं नाही, नाहीतर केस गुंततात, तेवढं सांभाळ.”

कात्री तिला वाटली होती त्यापेक्षा जड होती. तिने दुसऱ्या हाताने वेणी धरली. ती उबदार होती.

“सरळ काप,” ताई आरशातून म्हणाली. “तुझी रेघ कधी सरळ येत नाही.”

“मान हलवू नकोस,” ती म्हणाली, आणि कात्री चालवली.