योसेफाची मान

...तोंडच नव्हतं. वीतभर उंचीच्या त्या लाकडी योसेफाचा झगा शाबूत होता, झग्याच्या चुण्या शाबूत होत्या, हातातली काठीसुद्धा मोडली नव्हती—पण जिथे चेहरा असायचा तिथे वाळवीने नुसती भुसभुशीत माती ठेवली होती, आणि डोमाने अंगठ्याने जरा दाबताच ती माती त्याच्या तळहातावर सांडली. हा चेहरा, तो मनात म्हणाला, हा तळहातावर आहे तो. मग त्याने तो झटकला, हात धोतराला पुसला आणि विस्तवावरच्या, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या डब्याकडे पाहिलं. सरस अजून वितळला नव्हता.

बाहेर मिशनच्या आवारात सकाळपासून बड्या दिनाची, नाताळची गडबड होती. देवळाच्या दारावर पतंगी कागदाच्या पताका लागत होत्या, बांबूच्या कामट्यांचा तारा कोणीतरी मोहाच्या झाडावर चढवत होतं आणि खालून दहा जण दहा तऱ्हेने सांगत होते, शेजारच्या कलाबाईच्या चुलीवरून करंज्या तळल्याचा वास येत होता. डोमाला हे सगळं कळत होतं, म्हणजे ऐकू येत होतं, वासही येत होता. पण त्यापुढे आत काही होत नव्हतं. फार वेळ उकिडवं बसलं की पाय मेल्यागत होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्या कोणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो—तसा तो मृगापासून होता. चीड नाही, दुःख नाही. दवाखान्याच्या खाटांचे पाय बसवले, शाळेची फळी बसवली, लग्न केलं, बाळंतिणीसाठी बाज विणली. लोक म्हणत, डोमा म्हणजे देवमाणूस. देवमाणूस! माणूस काही बोलेनासा झाला की लोक त्याला देव करून मोकळे होतात.

त्याने शिवणीच्या लाकडाचा एक सुका तुकडा घेतला आणि पटाशीने त्याचे कोपरे उडवू लागला. शिवण हलकी, तिच्यात कोरायला त्रास नाही. डोकं, डोक्यावर फडकं, खाली बोटभर खुंटी; ती खुंटी धडातल्या भोकात बसली आणि सरसाने धरली की काम झालं. पण फडक्याच्या आत काय कोरायचं? मूळ योसेफ डोमाच्या बापाने, दादाजीने केलेला. मरिया, मेंढपाळ, गव्हाण, गव्हाणीतलं बाळ, सगळंच दादाजीच्या हातचं, आणि तीस वर्षं दर बड्या दिनाला देवळात पुढे मांडलेलं. तरी योसेफ कसा दिसायचा ते डोमाला आठवेना. मरियेचं नाक आठवत होतं, एका मेंढराचा तुटका कान आठवत होता... योसेफाकडे कोण पाहतं? शाळेत असताना नाटकात तो दर वर्षी योसेफ व्हायचा, सुताराचा पोरगा म्हणून; आणि शाळेच्या इंदुताई म्हणायच्या, तुले का अवघड हाये बाबू, तुले नुसतं उभं राहाचं हाये. खरंच होतं. देवदूत बोलायचे, मेंढपाळ बोलायचे, हेरोद राजा तर घसा बसेपर्यंत बोलायचा. योसेफ म्हणजे मरियेचा नवरा, बाळाचा नुसता नावाचा बाप, त्याच्या तोंडी शब्द नव्हता. आख्ख्या शास्त्रात नाही, इंदुताई सांगायच्या, शोधून पाहा.

तेव्हा गंमत वाटायची. आता सणासुदीला कोणी सहज 'काय योसेफबुवा' म्हणून हाक मारली की ऐकणारे खाली बघतात.

कारण मोजता सगळ्यांनाच येतं. मृगाच्या तोंडाशी लग्न, आणि धान कापणीच्या दिवसांत लेकरू. लग्नाची पुकार देवळात तीन रविवार व्हायची असते. दोन झाल्या होत्या, आणि तिसरीच्या आधी ठरलेली नवरी, रंभा, याच दारात येऊन उभी राहिली होती. दवाखान्यात ती कपडे धुवायची, हात कायम पांढरेफटक, बोटांना सुरकुत्या. चौकटीला धरून तिने सांगून टाकलं—मी पोटुशी हाये. लाकडाच्या डेपोवर एक मुनीम होता, तो सिरोंच्याकडे निघून गेला. तुमाले फसवाचं नाई म्हणून सांगून राह्यली. डोमा तेव्हा रंध्याने दाराची फळी रंधत होता. तो रंधतच राहिला. ती केव्हा गेली हे त्याला कळलं नाही. भानावर आला तेव्हा गुडघ्याएवढ्या ढलप्या जमल्या होत्या आणि फळी इतकी पातळ झाली होती की दाराच्या कामाची राहिली नव्हती. मी हो म्हटलं नाही, तो मनात म्हणाला. नाही म्हटलं नाही. रविवारी पाळकसाहेबांनी तिसरी पुकार केली, कोणाची हरकत असेल तर आताच सांगा म्हणाले, आणि मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो होतो... त्याला लोक क्षमा म्हणतात. मला माहीत आहे ती क्षमा नव्हती. ती काय होती ते मला माहीत नाही.

"चहा."

रंभा दारात होती. त्याच चौकटीला धरून, दुसऱ्या हातात पितळी गिलास. बाळ कलाबाईकडे असावं.

"ठेव."

तिने गिलास आत सरकवला, पण गेली नाही. सरस आता पातळ झाला होता. डोमाने खुंटी त्यात बुडवली. चेहरा झाला होता तेवढा झाला होता. दोन डोळे, नाक, दाढीच्या चार रेघा. तोंड त्याने दाढीतच भागवलं होतं.

"उद्या पाळकसाहेब इचारतीन," ती म्हणाली.

"हो."

"मंग नाव काय सांगाल?"

बड्या दिनाच्या सकाळी वर्षभरातल्या लेकरांचा बाप्तिस्मा होई. इथली रीत अशी की आई लेकराला अर्ध्या वाटेपर्यंत नेते, तिथे बाप त्याला हातांत घेतो, पुढे जातो, आणि पाळकसाहेबांनी विचारलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगतो. नाव बापानेच सांगायचं. ते सांगणं म्हणजेच, हे माझं आहे, असं म्हणणं. वेगळं काही म्हणावं लागत नाही. आणि लेकराला अजून नाव नव्हतं. डोमा त्याला काहीच म्हणत नसे. 'ते रडून राह्यलं' एवढंच म्हणे, जसं दार वाजतंय म्हणावं.

"पाहू," तो म्हणाला.

"काल बी पाहूच म्हटलं तुमी." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमाले सांगाचं नसन तं तसं सांगा. मी तिले घेऊन मायच्या गावाले चालली जाईन, आजच. पण लोकायसमोर मले तशी उभी नोका करू."

त्याने वर पाहिलं. दारात उजेड होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती कड दिसत होती. काहीतरी बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. हात मात्र आपल्या कामात होते. हातांनी खुंटी भोकात घातली आणि घट्ट दाबून धरली.  मग रंभा गेली, आणि दारात नुसता उजेड राहिला.

नाव. दादाजी म्हणायचा, माह्यं नाव कोणत्या बापानं नाई ठेवलं रे. मोठ्या दुष्काळात बुधू बंडीवाला मिशनची बंडी घेऊन गावोगाव फिरला आणि जी लेकरं वाटेवर बसलेली, मेलेल्या आयांजवळ बसलेली सापडली, ती बंडीत घालून घेऊन आला. त्यातला सगळ्यात मोठा होता म्हणून बाकीची पोरं त्याला दादा म्हणत. स्वतःचं नाव त्याला भुकेने आठवेना. पुढे बाप्तिस्म्याचा दिवस आला तेव्हा नाव सांगायला बापच नव्हते. गोऱ्या साहेबाने इकडेतिकडे पाहिलं आणि मागे दारापाशी बैलांचा कासरा धरून उभ्या असलेल्या बुधूला बोलावलं. बुधू पुढे गेला. एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्याने नावं सांगितली, ठाऊक होती ती ठाऊक म्हणून, नव्हती ती तिथल्या तिथे जुळवून. दोन पोरांना तर त्याने आपल्या बैलांची नावं दिली, असं सांगून दादाजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. आज आवारात मिरवणारी अर्धी घरं त्या बंडीतून उतरलेली. डोमाने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. आज ती पुन्हा आठवली आणि आठवून निघून गेली, वाटेने गावातलं कोणी जावं आणि आपण ओटीवरून बघत राहावं, तशी.

ऊन कलल्यावर इंदुताई आल्या. आता वय झालेलं, तरी गव्हाणीची मांडामांड त्या कोणाला करू देत नसत.

"झाला का रे तुया योसेफ?"

डोमाने तो फळीवरून उचलून दिला. त्यांनी चष्मा सावरून पाहिलं, मग मूर्ती उजेडात धरली, मग डोमाकडे पाहिलं.

"काऊन रे, याची मान कुठी पाहून राह्यली?"

तेव्हा त्याने पाहिलं. योसेफाचं धड होतं तसंच गव्हाणीकडे झुकलेलं होतं, काठीचा हात पुढे, गुडघा जरासा मुडपलेला; पण डोकं पुरतं खांद्याकडे वळलं होतं. तो बाळाकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता. आयुष्यात डोमाचा सांधा कधी चुकला नव्हता, मिशनच्या कामात तर नाहीच. त्याने डोकं पिळून पाहिलं. सरस केव्हाच धरला होता.

"तोडतो आन नवं बसवतो," तो म्हणाला.

"तोडशीन तं खुंटी आतच राहीन. मंग उद्या काय, बिनमुंडक्याचा योसेफ ठेवू?" इंदुताईंनी मूर्ती फळीवर ठेवली, मागे सरून पाहिली, आणि मग दोन बोटांनी तिला सबंध फिरवली—इतकी, की धड भलतीकडे झालं पण चेहरा बरोबर बाळाच्या जागेवर आला. "हे पाह्य. अशी ठेवतो मी."

"लोकायले पाठ दिसन त्याची."

"दिसू दे. तो का लोकायसाठी उभा हाये?" त्यांनी मूर्ती फडक्यात गुंडाळली. "गव्हाणीचा एक पाय बी हालते. तेवढा चिपकवून दे सांजेपर्यंत, नेतो मंग." आणि त्या देवळाकडे गेल्या.

डोमाने गव्हाण पुढे ओढली. सरस पुन्हा विस्तवावर ठेवला. देवळात पुढे जाऊन उभं राहिलं की कोणाचीही पाठच लोकांकडे होते, त्याच्या मनात आलं. हे त्याला आजवर कधी सुचलं नव्हतं. चेहरा फक्त पाळकसाहेबांना दिसतो. आणि हातांतल्या लेकराला, त्याला दिसत असेल तर.

तो पायाला सरस लावत होता तेव्हा रंभा पुन्हा आली.  बाळ गोधडीत होतं. तिने ते ढलप्यांच्या टोपलीत, मऊ ढलप्यांवर ठेवलं. "कलाबाई देवळात गेली. पाणी आणाचं हाये, तवरक पाहा," एवढं खाली बघत म्हणाली आणि घागर घेऊन गेली. कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं डोमाला दिसलं. लहानसंच होतं. म्हणजे ती खरंच जाणार होती. तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि तिने तेच उत्तर धरलं होतं.

बाळ कुरकुरलं. रंध्यातून निघालेली एक पातळ, कुरळी ढलपी वाऱ्याने उडून त्याच्या कपाळावर बसली होती आणि डोळ्यात जायला बघत होती. डोमा टोपलीशी उकिडवा बसला. बोटाने ढलपी काढायला गेला—आणि ढलपी निघाली, पण बोट निघेना. बोटाला सरस होता, ओला आणि दाट, आणि ढलपी वर सारताना टाळूवरचं ते रेशमासारखं जावळ त्यात बसलं होतं. त्याने जरा ओढलं. बाळाने टाहो फोडला.

आणि ते डोमाला लागलं. दुसऱ्या कोणाला नाही, त्याला.

पुन्हा ओढायचं धाडस होईना. बोटाखाली टाळू धडधडत होती, इतकी पातळ, की रंधून रंधून गेलेली ती फळी त्याला आठवली आणि भीती वाटली. खरी भीती, किती दिवसांनी. गरम पाण्याने सुटलं असतं. सरसाच्या डब्याभोवती पाणी होतंच, पण तिथवर दुसरा हात पोचत नव्हता. बाळ तोंड लालबुंद करून डोकं हलवू लागलं. हललं तर केस उपटतील. "थांब," तो म्हणाला, "थांब माय, हालू नोको... दुखन तुले. थांब न वो माय, मी हावो इथी, मी कुठी नाई जात..." बोलतच राहिला. काय बोलतोय ते त्याला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की बोलणं थांबलं तर ती पुन्हा हलेल. ती. तिचे डोळे काळेभोर होते आणि त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी खिळले होते, दाढीपाशी असावेत, जिथून आवाज येत होता.

दारातला उजेड कमी झाला. कमरेवर भरलेली घागर घेऊन रंभा उभी होती, केव्हापासून कोण जाणे.

"गरम पाणी आण," तो मान न वळवता म्हणाला. "हळूच, रंभा. हिचे केस चिपकले माह्यावाल्या हाताले."

घागर खाली टेकल्याचा आवाज आला. त्यानंतर मात्र पाऊल वाजेना. ती जागची हलली नव्हती, किंवा रडत होती, त्याला बघता येत नव्हतं. उद्या काय सांगायचं ते अजूनही त्याच्यापाशी नव्हतं. नाव नव्हतंच. बाहेर कोणीतरी तारा पेटवला असावा, कारण लोक एकदम ओरडले. उकिडवं बसून डोमाच्या पायात मुंग्या आल्या होत्या, बोटांपासून वर चढत, सुया टोचाव्यात तशा, आणि आता तर सहन होईनात. पण टाळूवरचं बोट तसंच ठेवून तो बसून राहिला.