सांगूनसवरून केलेलं नाटक

खालापूरजवळच्या कुंभिवली गावात जत्रेला दरवर्षी नाटक होई, आणि नाटकाच्या आधी एक भांडणही होई. १९६६ सालचं भांडण आबाजींच्या पडवीत झालं. आबाजी जत्रा कमिटीचे अध्यक्ष. भातशेती करणारा कष्टाळू, सरळ माणूस. गावात त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे.

गावातला कमळाकर मोहोपाड्याच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने स्वतः एक विनोदी नाटक लिहिलं होतं, ‘जरा तिकडं सरका!’ नवं लग्न झालेलं जोडपं, एका खोलीचं घर आणि घरात नऊ माणसं. नवराबायकोला दोन शब्द बोलायला एकांत मिळत नाही आणि त्यातून जी धांदल उडते, तेच ते नाटक. आबाजी तालीम बघायला गेले आणि पहिल्या अंकातच उठून आले.

“चावट हाय!” ते कमिटीपुढे म्हणाले. “नवरा बायकोला म्हनतो, सगळी झोपली का मागच्या दारी ये. हे काय आयाबहिनींसमोर बोलायचं? गेल्या साली पल्याडच्या गावात असल्याच खेळावर धोंडे पडले. बाया पोरं घेऊन उठल्या, लोकांनी पडदा फाडला. करायचंच तर बायांना मनाई करा. नायतर नाटक बंद!”

कमळाकरचा चेहरा उतरला. कमिटीतल्या चौघांनी माना डोलावल्या. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या जानकीबाई बोलल्या. त्या बौद्धवाड्यातल्या, गावच्याच शाळेत शिक्षिका होत्या आणि तालमीत कमळाकरला मदत करत होत्या.

“आबा, तिथे धोंडे का पडले ते मी त्या गावच्या बायकांना विचारलंय. आधी सांगितलं होतं देवाचं नाटक आहे म्हणून. लोक लेकरांना मांडीवर घेऊन बसले आणि पडदा उघडल्यावर निघालं भलतंच. त्यांना राग थट्टेचा आला नाही. फसवल्याचा आला!”

“मग काय करावं म्हनता, बाई?”

“आधीच सांगावं. नाटकात काय आहे, कुणी यावं, कुणाला आणू नये. लहान मुलांना मी शाळेत घेऊन बसते, गोष्टी सांगते. पण बायकांना मनाई कशाला? नाटक नवराबायकोचं, आणि बघायचं नुसत्या नवऱ्यांनी?”

सगळे हसले. आबाजी मात्र हसले नाहीत. तेवढ्यात दाराआडून त्यांच्या पत्नी गौराबाई म्हणाल्या, “अवो, पोरीचं लगीन लावता, चार पोरांची आय करता, तवा ती ल्हान नसते. आन नाटक बघायचं म्हटलं का ल्हान होते व्हय?”

आबाजींनी हात झटकले. “करा तुमच्या मनासारखं,” ते म्हणाले. “पन धोंडा पडला तर माझ्याकडं येऊ नका!”

दुसऱ्या दिवशी दवंडीचा प्रश्न आला. दवंडी देणारा नामा लाजून लाल झाला. “बाई, असलं मी कसं वरडू? माझी सासुरवाडी याच गावात हाय!” जानकीबाईंनी त्याच्याकडून दोनचार वेळा म्हणून घेतलं, तेव्हा कुठे त्याची भीड चेपली. मग गल्लोगल्ली त्याचा आवाज घुमला, “ऐका हो ऐका! जत्रेला ‘जरा तिकडं सरका’ नाटक हाय! नवराबायकोची खासगी गोष्ट हाय, थट्टा हाय, पन वंगाळ काय नाय! बारकी पोरं शाळंत ठेवा, मोठ्यांनी जोडीनं या! ज्याला लाज वाटंल त्यानं घरी झोपा हो!” शेवटचं वाक्य नामाच्या पदरचं होतं. विहिरीवरच्या बायका घागरी ठेवून हसल्या. जानकीबाई त्यांच्याजवळ बसल्या आणि नाटकाची सगळी गोष्ट त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीपासूनच मैदान भरलं. गॅसबत्त्यांच्या उजेडात एका बाजूला पुरुष बसले, दुसऱ्या बाजूला बायका. लहान मुलांचा गलका शाळेतून ऐकू येत होता. अध्यक्ष म्हणून आबाजींना दोन शब्द बोलणं भाग होतं.

“मंडळी, मला ह्या नाटकाची धास्ती वाटते,” त्यांनी सरळ सांगून टाकलं. “पन तुमाला सांगून दाखवतोय. नाय आवडलं तर गप उठून जा. शिव्या नकोत, धोंडे नकोत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा उघडला. नाटकात एक काका होता. जोडपं जवळ बसलं की नेमका त्याला खोकला येई, नाहीतर तहान लागे. सुरुवातीला बायका पदराआड हसत होत्या, मग पदर सोडून हसू लागल्या. उठून कुणीच गेलं नाही. आबाजी तर मांडीवर थाप मारून हसत होते.

दुसऱ्या अंकात नवरी एकटीच पुढे आली. लुगडं नेसलेला गावातलाच सोमा ते काम करत होता, पण आता ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. नवरी म्हणाली, “आठ महिने झाले लग्नाला. यांना कालवणात तिखट किती लागतं ते सासूबाईंनी सांगितलं. यांच्या मनात काय हाय, ते मी कुनाला विचारू?”

हसणं थांबलं. आबाजींची नजर सहज बायकांच्या बाजूला गेली. त्यांची सून आवडी डोळ्यांना पदर लावून बसली होती.

गेल्या उन्हाळ्यातच त्यांच्या जयवंताशी तिचं लग्न झालं होतं. आवडी माजघरात सासूजवळ झोपे, जयवंता पडवीत बापाजवळ. ती पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत आली आणि क्षणभर रेंगाळली, की खाकरत कोण असे? आबाजीच! अरेरे! ज्या काकाला आपण इतकं हसलो, तो तर आपल्याच घरात बसलाय!

घरी परतताना ते गौराबाईंना म्हणाले, “तुला आवडीचं हे दिसलं नाय का गं कधी?”

“दोनदा बोलले मी. तुमी म्हनालात, जागा कुठं हाय?”

जागा होती. आठवडाभरात आबाजींनी पडवीच्या टोकाला एका खोलीपुरता कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, शेणामातीने लिंपला आणि दाराला कडी लावली. जयवंता शेतावरून आला आणि बघतच राहिला. “बाबा, हे काय? वासरासाठी का?”

“वासरासाठी कशाला रं? तुमच्या दोघांसाठी!” आबाजी म्हणाले. “नाटक बघून शहाना झालोय मी.”

आत चुलीपाशी आवडीला हसू आवरेना. त्या घरात ती इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच हसली.

पुढच्या साली जत्रेची बैठक भरली तेव्हा आबाजींनी गौराबाईंना आणि बौद्धवाड्यातल्या दोघी बायकांना कमिटीवर घेतलं. एका म्हाताऱ्याने कुरकुर केली, तसे आबाजी म्हणाले, “नाटक त्यांनीबी बघायचं, तर ठरवायचं आपन एकट्यानं का?”

वाचकहो, मोठ्या माणसाच्या डोळ्यांवर हात धरला म्हणजे त्याची अब्रू राखली असं होत नाही. समोर काय आहे ते खरं सांगावं, मुलांची वेगळी सोय करावी, आणि मोठ्यांचं त्यांना ठरवू द्यावं. जे आपण चारचौघांत बोलायला लाजतो, त्यातच कितीदा आपल्या घरातल्या कुणाचं तरी सुख अडकून पडलेलं असतं!