जरा म्हणजे किती

ज्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद असे, त्या दिवशी बाळाच्या पोटात दूध टिकत असे. लिफ्ट चालू असलेल्या दिवशी टिकत नसे. सोळा दिवसांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी चार दिवस लिफ्ट बंद होती, आणि त्या चारही दिवशी आईच्या दुकानाच्या वेळात एकही फडके खराब झाले नव्हते. उरलेल्या बारा दिवसांत एकोणचाळीस फडकी धुवावी लागली होती.

दोन वह्या एकाच टेबलावर उघड्या पडल्या नसत्या, तर हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. एक वही लिफ्टकाकांची लेक परिचारिकेच्या सांगण्यावरून ठेवत असे. बाळाने किती वाजता दूध घेतले आणि किती वेळा बाहेर काढले, एवढेच त्यात असे. दुसरी वही लिफ्टची. ती एरवी गच्चीवरच्या यंत्रखोलीत खिळ्याला टांगलेली असे. दोर तपासल्याची तारीख पाहायला काकांनी ती त्या दिवशी खाली आणली होती.

लिफ्टकाका या नावापलीकडे त्यांना दुसरे नाव आहे, हे इमारतीतले लोक विसरून गेले होते. एकतीस वर्षे त्यांनी ही एकच लिफ्ट सांभाळली. मजले पाच, घर पाचव्यावर. तळापासून घरापर्यंत लिफ्टला चाळीस सेकंद लागत. एक्केचाळिसावा सेकंद लागला, तर काका पाना घेऊन यंत्रखोलीत जात. बिघाड झाला की वहीत तीन रकाने भरायचे: तक्रार, दोष, कारण. कारण सापडल्याखेरीज वही मिटायची नाही, हा त्यांचा स्वतःच घालून घेतलेला नियम होता.

तो फक्त एकदा मोडला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी थट्टेने लिहिले होते: “तक्रार: एक प्रवासी बसण्यास नकार देतो. दोष: आढळला नाही. कारण:” पुढे कोरे. तो प्रवासी म्हणजे त्यांची बायको. ती त्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर कधी बसली नाही. “ती तुमची पहिली. सवतीच्या मांडीवर बसून मी घरी यायची नाही,” असे म्हणे आणि जिन्याकडे वळे. “तुम्ही व्हा पुढे. मी जरा थांबत थांबत येते.” संध्याकाळी काम आटोपून दोघे खाली भेटत, काका चाळीस सेकंदांत वर पोचत, आणि मग दार उघडे टाकून उंबऱ्यात उभे राहत. कठड्यावरून वाकून विचारत, “अगं, कुठवर आलीस?” खालून उत्तर येई, “आलेच!” ते खरे नसे.

गेल्या वर्षी ती गेली. वर्षभर त्या घरात काकांशिवाय कोणाच्या श्वासाचा आवाज नव्हता. मग लेक बाळंतपणासाठी आली आणि बाळ पाच आठवड्यांचे होताच तिने तळमजल्यावरचे कपडेदुरुस्तीचे दुकान पुन्हा उघडले. दुकानात इस्त्रीची वाफ, सुताचा भुगा आणि मशीनची खडखड. बाळाने तिथे झोपावे कसे? म्हणून अकरा, दीड आणि चार वाजता काका बाळाला टोपलीत घालून खाली आणत, लेक पाजत असे, काका त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढत आणि पुन्हा टोपलीत घालून लिफ्टने वर नेत. बाळाला ते ‘वॉशर’ म्हणत.

“बाबा, मुलगी आहे ती!”

“मग? अख्खी लिफ्ट वॉशरवाचून अडते. तुला काय माहीत?”

हा वॉशर पाजल्यावर पाठीची कमान करे, तांबडालाल होऊन रडे आणि घोटभर दूध परत देई. झोप लागे ती दहा मिनिटांची.

परिचारिका आली त्या दिवशी तिने वजनकाटा दोनदा पाहिला. “आठवड्यात चाळीस ग्रॅम. दीडशे तरी हवं होतं.”

“काही गंभीर नाही ना?” लेकीने विचारले.

“डॉक्टरांनी तपासलंय. उलटी हिरवी नाही, जोरानं फेकत नाही. अन्ननलिका जिथं पोटाला मिळते, तिथली झडप अजून सैल आहे, एवढंच.”

“व्हॉल्व्ह,” काका म्हणाले. “बदलता येत नाही?”

“आपोआप आवळतो, काका. काही महिने जातात. तोवर एका वेळी थोडं थोडं पाजा, मध्ये थांबून ढेकर काढा, लंगोट पोटावर घट्ट नको.” बोलता बोलता ती वाकली. पाळण्याच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे होते. “हे काय?”

“बारा अंश. लेव्हल लावून बघितलंय.”

“आधी काढा ते. बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडतो. झोपताना सपाट, पाठीवर. दूध येत असलं तरी. उभं धरायचं ते माणसानं, आपल्या अंगावर. पाजल्यावर जरा उभं धरता ना?”

“धरतो की.”

दोघेही खरे बोलत होते.

ती गेल्यावर लेक बराच वेळ घडी घातलेल्याच फडक्यांच्या पुन्हा घड्या घालत बसली. “बाबा, दोन आठवड्यांनी पुन्हा वजन आहे. नाही वाढलं, तर मी सासूबाईंकडे जाते. हेही तिथंच असतात. निदान तीन महिने तरी.”

“आणि दुकान?”

“बंद. तिथं घर तळमजल्यावर आहे, घरात चार माणसं आहेत. इथं तुम्ही एकटे, त्यात गुडघा असा.”

“गुडघ्याचं काय मध्येच?” काका म्हणाले. मग, “बरं,” म्हणाले. आणि दोर तपासल्याची तारीख पाहायला वही उघडली.

अर्ध्या तासाने ते लेकीच्या समोर दोन्ही वह्या घेऊन उभे राहिले. “चूक माझी आहे. लिफ्ट सुटताना धक्का देते. बाळ हेलकावतं, दूध उसळतं.”

“बाबा, चाळीस सेकंदांच्या धक्क्यानं?”

“आकडे बघ.”

आकड्यांपुढे लेकीचे काही चालेना. काकांनी लिफ्ट तीन दिवस बंद ठेवली. ब्रेकचे अस्तर बदलले, दारांचे विजेचे संपर्क घासले, मजल्याच्या पातळीशी पेटी केसभरही खालीवर थांबणार नाही असे केले. त्या तीन दिवसांत बाळ जिन्याने वर गेले. नव्वद पायऱ्या. एक हात कठड्याला हवा म्हणून टोपली दुकानातच राहिली आणि बाळ खांद्यावर आले. काका एक पायरी चढत, दुसरा पाय तिच्यावर आणत आणि मगच पुढची पायरी घेत. प्रत्येक मजल्यावर थांबणे भाग होते. तीन दिवसांत फडकी शून्य.

“लिफ्ट मोडूनच टाका ना बाबा,” लेक म्हणाली.

“जीभ आवर.”

दुसऱ्या मजल्यावर शिकवणीच्या बाई राहत. वीस वर्षे त्यांचे दार दिवसा उघडेच असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल बाहेर सरकवले. “टेका जरा. काकूसुद्धा इथंच टेकायच्या.”

काका बसले. बाळाने त्यांच्या मानेशी उसासा टाकला. “दम लागायचा ना तिला.”

“दम कसला हो! घाई असली की दोन-दोन पायऱ्या चढायच्या.”

“मग लिफ्टची भीती असणार. मला कधी बोलली नाही.”

बाई हसल्या. “भीती? तुम्ही पंधरा दिवस ट्रेनिंगला गेला होता ना, तेव्हा रोज लिफ्टनं जायच्या. मी चिडवलं सुद्धा, काय काकू, सवतीशी समेट झाला वाटतं. तर म्हणाल्या, वर दार उघडून वाट बघायला कोणी नाही, मग जिना कशाला चढू?”

काकांनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतले.

“तुमचा वरून आवाज आला ना, की बोट ओठांवर ठेवायच्या,” बाई म्हणाल्या. “आणि इथूनच ओरडायच्या, आलेच! मग आणखी जरा बसायच्या.”

“जरा म्हणजे किती?”

“आता मी काय घड्याळ लावून बसत होते? खालून वरपर्यंत वीसेक मिनिटं जात असतील.”

काका उठले. एकतीस वर्षांत, दिवसभरातून तेवढीच वीस मिनिटे त्यांच्या हातात पाना नसे, आणि ती वीस मिनिटे त्यांनी वर उभे राहून कुरकुरण्यात घालवली होती. पुढच्या चोपन्न पायऱ्या ते मोजायला विसरले. फक्त तिसऱ्या मजल्यावर, जिथे थांबायची गरज गुडघ्याला तेवढीशी नव्हती, तिथे ते थांबले.

चौथ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. काकांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला पेटीच्या जमिनीवर ठेवला आणि तळापासून पाचव्यापर्यंत नेला. थेंब सांडला नाही. मग बाळाला टोपलीत घालून नेले. फडकी तीन. म्हणजे धक्का हे कारण नव्हे. पाचव्या दिवशी टोपली वगळली, बाळाला खांद्यावर घेऊनच लिफ्टने वर नेले आणि पाळण्यात ठेवले. फडकी तीन. म्हणजे टोपलीही नव्हे.

उरला तो वेळ. सहाव्या दिवशी लिफ्ट चालू असताना ते घड्याळ लावून जिना चढले: बावीस मिनिटे, फडकी शून्य. सातव्या दिवशी लिफ्टने वर गेले, पण बाळाला खाली ठेवले नाही. बावीस मिनिटे खांद्यावर घेऊन घरातच उभे राहिले, मग पाळण्यात पाठीवर सपाट ठेवले. फडकी शून्य. बाळ दोन तास झोपले. पुढचे सात दिवस त्यांनी तेच केले आणि आकडा बदलला नाही.

परिचारिकेने काट्यावरचा आकडा वाचला. “चौदा दिवसांत तीनशे ऐंशी! काय केलंत काय?”

“उभं धरलं.”

“मग मी दुसरं काय सांगितलं होतं?”

“तुम्ही जरा म्हणालात.”

“जरा म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं तरी हवीतच की हो, काका!”

“आमच्यात जरा म्हणजे दोन,” काका म्हणाले. लेक हसता हसता डोळे पुसू लागली आणि तशीच सासूबाईंना फोन करायला उठली. दुकान चालू राहणार होते.

काकांनी लिफ्टच्या वहीत लिहिले. घरगुती नोंद या वहीत करण्याची ही त्यांची दुसरी वेळ.

“तक्रार: बाळ दूध बाहेर काढते. दोष: लिफ्टमध्ये नाही. कारण: पाजल्यावर दोन मिनिटांत आडवे ठेवले जात होते. बावीस मिनिटे उभे धरणे पुरेसे. जिन्याची आवश्यकता नाही.”

दुसऱ्या दिवशी दीडचे दूध झाल्यावर काकांनी बाळ खांद्यावर घेतले आणि ते लिफ्टच्या उघड्या दारावरून पुढे गेले.

लेकीने मशीन थांबवली. “बाबा! लिफ्ट चालू आहे ना? वर जाऊन धरलं तरी तेच. तुम्हीच लिहिलंय.”

“तेच आहे.”

“मग गुडघ्याला का छळता?”

“तू तुझं काम कर. मी जरा थांबत थांबत जातो.”

दुसऱ्या मजल्यावर बाईंनी नुसते स्टूल सरकवले, विचारले काही नाही. तिसऱ्यावर खिडकीतून समोरच्या छपरावरची वाळत घातलेली चादर दिसत होती. चौथ्यावर कोणाच्या तरी घरात नळ गळत होता. हे सगळे इतकी वर्षे इथेच होते. पाचव्याच्या अलीकडच्या वळणावर काका कठड्याशी क्षणभर वर पाहत थांबले. दाराला कुलूप होते. बाळ एका हाताने सावरून त्यांनी दुसऱ्या हाताने किल्ली लावली.

बावीस मिनिटे पुरी झाली होती. त्यांनी बाळाला पाठीवर, सपाट ठेवले. ते ओठ हलवून झोपले.

मग कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी लिफ्टची पहिली वही काढली, कोऱ्या राहिलेल्या रकान्याचे पान शोधले आणि पेन झटकून, सुवाच्य अक्षरात तो भरला:

“कारण: ती जिन्याने आली, की मी दार उघडून वाट पाहत असे.”