बिनगाठीचे टाके

टोपी

"ती खुर्ची माझी आहे," शिडी म्हणाली.

"बसा ना, ताई," म्हणत सिस्टर लगेच उठली. शिडीला ते जास्तच झोंबलं. भांडली असती तर निदान बरं वाटलं असतं.

ज्यूंच्या सिनेगॉगच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी सहा-सात म्हाताऱ्या शिवायला बसत. समाजात कुणी गेलं की लागणारं कफन: टोपी, सदरा, पायजमा, कमरपट्टा, चादर. सगळं पांढरं, सगळं हाताने शिवलेलं, कशालाच खिसा नाही आणि कुठेही गाठ नाही. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवून दुकान बंद केलं, तेव्हापासून शिडी इथलं बघत होती. तिचं हे नाव शाळेत पडलेलं, उंचीवरून. ठेवणारी तिची मैत्रीण बुटकी. ती आता याच इमारतीत वरच्या मजल्यावर, समाजाच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती.

आणि सिस्टर? निवृत्त नर्स. नवीनच आलेली. बायका तिच्या विनोदांना हसत, शिडीच्या शिस्तीला घाबरत.

"इथे गाठ मारायची नाही," शिडीने तिला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. "जाणाऱ्याला अडकवून ठेवायचं नसतं."

"जन्मभर पट्ट्या बांधल्या, ताई. हात ऐकत नाहीत."

"हाताला सांगा."

आज बेतून ठेवलेल्या कापडांतून सिस्टरने सर्वांत आखूड सदरा उचलला. "हा मी वर नेते. त्यांनीच मागितलाय माझ्याकडे."

'त्यांनी' म्हणजे कुणी, ते विचारायची गरज नव्हती. इतक्या आखूड मापाचं माणूस समाजात एकच होतं, आणि तिचे कपडे आजवर शिडीशिवाय दुसऱ्या कुणी

सदरा

शिवलेच नव्हते. बुटकीच्या लग्नाचा झगासुद्धा शिडीनेच शिवला. उरलेल्या कापडात उशीचे दोन अभ्रे निघाले. त्या अभ्र्यांवर दोघी पन्नास वर्षं हसत आल्या होत्या. मागच्या गुरुवारी तोच किस्सा सिस्टरने खाली सगळ्यांना सांगितला, आणि सांगितला चांगला. तेव्हा शिडीला सुई टोचली होती.

आज मात्र ती तडक वर गेली.

"तिला का दिलास सदरा?"

"ये. आधी बस तरी," बुटकी म्हणाली. आवाज कापसासारखा झाला होता. "जिना चढून आलीस की भांडायला?"

"दोन्हीला. सांग, का दिलास?"

"तिचा हात मऊ आहे."

"माझा काय खराटा आहे?"

"खराटा नाही गं. इस्त्री." बुटकी हसली, हसता हसता खोकली. पाणी द्यायला शिडी उठली, तर पेला आधीच उशाशी, हाताला येईल असा ठेवलेला. वर झाकण. हेही त्या बयेचंच काम. शिडीने तो उगाच दोन बोटं सरकवला आणि

पायजमा

पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन कपाट उघडलं. सिस्टरने वरून परत आणून ठेवलेला सदरा तिथेच होता, अर्धवट. तिने तो उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके वेडेवाकडे होते, एक लांब तर एक तोकडा. आणि डाव्या बाहीच्या काखेत अंगठा अडला.

गाठ.

शिडीला इतका आनंद झाला की ती खुर्चीत बसली. तेसुद्धा आपल्या खुर्चीत.

यापुढचं तिला असं घडायला हवं होतं: सगळ्या बायका जमल्यात. ती बाही वर धरते. सिस्टरचा चेहरा उतरतो. 'ताई, तुम्हीच शिवा, आम्हाला नाही जमायचं.' मग ती वर जाते आणि बुटकी म्हणते, 'चुकलं गं माझं.'

घडलं असं की तिला तेवढाही धीर निघाला नाही. सदरा काखोटीला मारून ती धापा टाकत वर पोचली आणि तो मैत्रिणीच्या पांघरुणावर टाकला.

"बघ तुझ्या सिस्टरचे टाके. असं घालून जाणार आहेस? वर गाठही मारलीय."

बुटकीने बाही चाचपली. बराच वेळ चाचपली.

"मी मारली ती," ती म्हणाली. "दोरा सारखा निसटत होता."

"तू?"

"सगळं मीच शिवलंय. ती नुसती बसते."

शिडी पलंगाच्या कडेवर टेकली. जन्मभर वाचनालयात पुस्तकं लावली या बाईने, पण हातात सुई कधी धरली नाही. हिचं बटण तुटलं की ही शिडीच्या दारात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शिवू दिलं असतंस? दुसऱ्या टाक्याला सुई ओढून घेतली असतीस. माझं एक बटण तरी मला लावू दिलंस का कधी?"

शिडीने पांघरुणावरची बाही सरळ केली.

"आता ती गाठ सोडव," बुटकी म्हणाली. "नाहीतर थांब, मीच

चादर

सोडवते." नखं पातळ झालेली. गाठ सुटता सुटत नव्हती. शिडीने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खिडकीवरचं ऊन भिंतीवर गेलं तेव्हा गाठ सुटली.

"ती काय करते इथे बसून?" शिडीने विचारलं.

"कोण?"

"तुझी मऊ हाताची."

"सुईत दोरा ओवून देते. मला नेढं दिसत नाही."

"आजपासून दोरा मी ओवणार. तिला सांग तसं."

"तूच सांग. भांडायचा सराव आहे तुला."

शिडीने खिशातून चष्मा काढला. दोरा ओठांत धरून ओला केला, ओवला. सवयीने बोटं शेवटाकडे गेली, तिथे थांबली, आणि तिने टोक तसंच मोकळं राहू दिलं. सुई बुटकीच्या हातात दिली.

पहिला टाका वाकडा पडला. दुसराही. शिडी खिडकीकडे बघत राहिली