नाल्यापर्यंतचं नागपूर

धुरपताला नागपूरच्या टेलिफोन कचेरीत नोकरी लागली, त्याच आठवड्यात तिचे वडील आनंदराव मास्तर मोहाडीच्या बाजारातून भाजीबरोबर एक पुस्तकही घेऊन आले. तळहाताएवढं, पिवळ्या कव्हराचं. वर लिहिलं होतं, ‘नागपुरात पाऊल ठेवताना’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘भंडारा जिल्ह्यातून येणाऱ्या कुटुंबांसाठी कमळबाग व आसपासच्या वस्तीची संपूर्ण माहिती’. लेखक, भय्याजी सार्वे.

“हा आपला भय्या,” मास्तर म्हणाले. “माह्या वर्गातला. तो आत बसे, मी दाराजवळ, पण वर्ग एकच होता. पाय बरं, केवढा मोठा झाला. दोन घेतले. एक तुह्यासाठी, एक घरी ठेवाले.”

मास्तरांना त्या पुस्तकाचं फार कौतुक होतं. मोहाडीतून नागपूरला गेलेला माणूस मागे वळून आपल्या लोकांसाठी काही लिहितो, ही गोष्टच त्यांना मोठी वाटली. धुरपतानं दोन दिवसांत ते वाचून काढलं. पुस्तक खरोखर चांगलं होतं. कोणत्या हापशीचं पाणी गोड, कोणता डॉक्टर उगाच सुई टोचत नाही, रेशनकार्डासाठी सकाळी कोणत्या खिडकीशी उभं राहायचं, जवसाचं ताजं तेल कोणत्या घाण्यावर मिळतं, सगळं त्यात होतं. एका पानावर खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरमालकांची नावं आणि पत्ते होते. वर लिहिलं होतं, ‘आपल्याकडच्या कुटुंबांना ही मंडळी आनंदाने जागा देतात.’ शेवटी वस्तीचा नकाशाही होता.

धुरपताचा नवरा गुलाब नंदागवळी लाखनीला वीज मंडळात लाइनमन होता. त्याची बदली व्हायला वेळ होता, म्हणून तोवर धुरपतानं एकटीनं नागपुरात राहायचं आणि त्यानं सुट्टीला यायचं, असं ठरलं. एका रविवारी दोघं एस.टी.नं नागपूरला उतरले आणि पुस्तक हातात धरून कमळबागेत शिरले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं. पिठाची चक्की, मारुतीचं देऊळ, कोपऱ्यावरचा सायकलवाला. धुरपताला हायसं वाटलं. परकं शहर असं वाटतच नव्हतं.

पहिलं नाव निर्मलाबाईंचं होतं. त्यांनी दोघांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, खोली दाखवली. खोली हवेशीर होती, स्वयंपाकाचा ओटा वेगळा होता.

“मोहाडीचे का तुम्ही? माझं माहेर तिकडचंच, तुमसरजवळचं,” त्या म्हणाल्या. “आडनाव काय म्हणालात?”

“नंदागवळी,” गुलाब म्हणाला.

“गवळी म्हणजे मग दुधाची चिंता नाही.” त्या हसल्या. “गवळीच ना?”

गुलाब काही बोलायच्या आत धुरपता म्हणाली, “नाही जी. आमी बौद्ध आहोत.”

निर्मलाबाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे दुसरीकडे गेले. “अगोबाई, मी पण कशी विसराळू. ह्यांच्या भावाचा मुलगा यायचा आहे शिकायला. त्याच्यासाठीच ठेवलीय ही खोली. तुम्हाला उगाच आत नेलं.”

दुसऱ्या घरी म्हातारे गृहस्थ फाटकापर्यंत आले. आडनाव ऐकून म्हणाले, “आम्ही फक्त आपल्या लोकांना देतो.”

“आमी मोहाडीचेच आहोत,” धुरपता म्हणाली.

“तसं नव्हे,” ते म्हणाले आणि फाटकाची कडी लावून घेतली.

तिसऱ्या घरच्या बाईनं आडनाव विचारलंच नाही. मोहाडीत कोणत्या मोहल्ल्यात राहता, एवढंच विचारलं. चौथ्या घरी जायला गुलाब तयार नव्हता. “चाल, धर्मशाळेत राहू आज,” तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. धुरपताच्या मात्र कानशिलापर्यंत आग चढली होती. तिनं त्याला चौथ्या घरीही नेलं आणि पाचव्याही. गेटवरूनच ती सांगू लागली, “आमी बौद्ध आहोत, खोली आहे का?” म्हणजे निदान ओसरीवर बसून पाणी पिण्याची पाळी तरी येत नव्हती.

दुपार कलताना दोघं नाल्यावरच्या पुलापाशी थांबले. धुणीभांडी करून परतणारी एक बाई त्यांच्याकडे पाहत पुढे गेली, मग मागे आली.

“कोणाचं घर पाहून राहिले?”

धुरपतानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माह्या घरची एक खोली रिकामी आहे. नळ एकच आहे, पाणी भरताना झगडा होते, ते अगोदरच सांगतो. चाला.”

तिचं नाव मालनबाई. पुलापलीकडच्या टोलीत, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, तिचं कौलारू घर होतं. शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आडनाव, मोहल्ला, काही न विचारता तिनं खोलीचं कुलूप काढलं आणि किल्ली धुरपताच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी टोलीतून कचेरीकडे कोणती बस जाते, ते पाहायला धुरपतानं पुन्हा पुस्तक उघडलं. टोलीबद्दल त्यात फक्त तीन ओळी होत्या.

‘नाल्यापलीकडे टोली आहे. घरंदाज मंडळींनी तिकडे जाण्याचे कारण नाही. मोलकरीण हवी असल्यास सकाळी पुलावर उभे राहावे.’

मोहाडीत वाचताना या ओळी तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. असेल कुठला जुगाराचा अड्डा, असं समजून तिनं पान उलटलं होतं. आता ती त्याच टोलीत, खाटेवर बसून त्या वाचत होती. बाहेर मालनबाई शेजारणीशी नळावरून भांडत होती. समोरच्या घरातला म्हातारा रेल्वेच्या कामावरून येऊन पायावर पाणी घेत होता. धुरपताला संताप आवरेना. तिनं अंगणात जाऊन मालनबाईला त्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या.

“कोणं लिवलं हे?”

“भय्याजी सार्वे म्हणून आहेत.”

मालनबाईनं बादली खाली ठेवली. “सार्वे साहेब? चक्कीजवळचे? त्यायच्याच घरची भांडी घासतो मी.” तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, “आन् पुलावर उभं राहावं म्हणते का तो? मी कोणत्या पुलावर उभी होती? त्याची बायको बाळंतपणातून उठली तवा तो सोता आला होता माह्या दारात. ह्याच अंगणात उभा होता. जाण्याचं कारण नाही म्हणते.”

त्या महिन्यात आनंदराव मास्तर लेकीला भेटायला आले. घर पाहून खूश झाले, मालनबाईला जयभीम केला, जेवले. मग म्हणाले, “भय्याच्या पुस्तकातून भेटलं नव्हं घर?”

धुरपतानं ते पान त्यांच्यासमोर धरलं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “असू दे, बाई. त्याच्या ध्यानात नसन आलं.”

“लिवताना ध्यानात नाही येत का, बाबा?”

“असू दे.”

भय्याजींपेक्षाही तिला त्या ‘असू दे’चा जास्त राग आला. पण वडिलांना उलट बोलायची सवय नव्हती, म्हणून ती भांडी घासायला उठली.

थंडी ओसरत आली तेव्हा मोहाडीत भय्याजींचा सत्कार ठरला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली होती आणि ती आपल्या गावात प्रकाशित व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. शाळेच्या मैदानात मांडव पडला. जुन्या वर्गमित्रांतर्फे हार घालायचा मान आनंदराव मास्तरांना दिला होता. धुरपता आणि गुलाब दोघंही सुट्टी काढून आले. मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते मंचावर एका टोकाच्या खुर्चीवर बसले होते.

भय्याजी सार्वे उंच, देखणे गृहस्थ होते. ते चांगलं बोलले. खेड्यातला माणूस शहरात कसा बावरतो, त्याला कोणी हात धरून नेणारं लागतं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. नव्या आवृत्तीच्या प्रती लोकांत फिरल्या. एक प्रत धुरपताकडे आली. तिनं ते पान काढलं. त्या तीन ओळी नव्हत्या. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिनं नकाशा उलगडला. कमळबाग, चक्की, देऊळ, शाळा आणि निळ्या रेघेचा नाला. नाल्यापलीकडे काहीच नव्हतं. पूलही नव्हता. कागद कोरा होता.

ती उभी राहिली. गुलाबनं तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

“भय्याजीकाका, एक विचारू का?”

सूत्रसंचालन करणारे बाबूलाल गुरुजी म्हणाले, “बाई, सत्कार होऊ द्या, मग विचारा.” पण भय्याजींनी त्यांना हातानं थांबवलं. “आनंदरावची मुलगी ना तू? विचार ना.”

“पहिल्या पुस्तकात नाल्यापलीकडं आमची टोली होती. तिकडं जाऊ नये, असं लिवलं होतं. यात टोलीच नाही. कुठं गेली?”

भय्याजी अजून हसत होते. “कोणीतरी कळवलं की, ते वाक्य बरं दिसत नाही. म्हणून काढून टाकलं. कोणाचं मन दुखवायचं नव्हतं मला.”

“वाक्य काढाचं होतं. माणसं काहून काढली?”

“जागेची अडचण असते, बाई. पुस्तकात सगळंच मावत नाही. आणि मी कोणाची जात कुठं लिहिलीय, दाखव बरं. मी जातपात मानत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.”

“खोल्यायच्या पानावर तुमी नावं देली. त्या दारायवर मले आडनाव विचारलं, मोहल्ला विचारला. तुमाले हे माहीत होतं का नव्हतं?”

भय्याजींनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“माहीत असन, तर लिवाचं होतं,” धुरपता म्हणाली. “इथं बौद्धायले खोली भेटत नाही, असं साफ लिवाचं होतं. मंग आमी त्या दारात कायले गेलो असतो? तुमच्या घरची भांडी घासणारी बाई त्या टोलीतून येते. तुमी सोता तिच्या अंगणात जाऊन तिले बोलावून आणलं. आन् पुस्तकात तिचं अंगण नाही.”

मागून कोणीतरी म्हणालं, “खाली बसवा तिला.” दुसरं कोणीतरी म्हणालं, “बोलू द्या ना जी, खोटं काय बोलून राहिली?” बाबूलाल गुरुजींनी घाईघाईनं हाराचं ताट पुढे आणलं आणि मास्तरांच्या हातात हार दिला. आनंदराव मास्तर उठले. भय्याजींनी मान पुढे केली. मास्तर हार धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी हार पुन्हा ताटात ठेवला.

“माह्यानं होत नाही, भय्या,” ते हळूच म्हणाले, आणि काठी घेऊन मंचावरून उतरले.

सत्कार थांबला नाही. हार दुसऱ्या कोणीतरी घातला, जेवणंही झाली. बौद्ध मोहल्ल्यातली माणसं तेवढी उठून गेली. मास्तर लेकीबरोबर घराकडे निघाले. आंब्याच्या झाडापाशी थांबून म्हणाले, “मले अगोदर सांगाचं होतं.”

“सांगतलं असतं तर तुमी नको म्हटलं असतं.”

“हाव,” मास्तर म्हणाले. “म्हटलं असतं.”

पुढे कितीतरी दिवस मोहाडीत बोललं जात होतं. आनंदरावच्या पोरीला नोकरीचा माज आला, असं काहींचं म्हणणं. भल्या माणसाचा भर सभेत पाणउतारा केला, असं काहींचं. भय्याजींनी कोणाचा पाणउतारा केला होता का, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मास्तरांची आणि भय्याजींची गाठ पुढे पडली नाही.

उन्हाळा लागल्यावर एका संध्याकाळी ईश्वर नावाचा तरुण टोलीत धुरपताचं घर विचारत आला. पुस्तकाच्या छपाईचं काम तोच पाहत असे. चांगला, मऊ बोलणारा मुलगा. मालनबाईनं केलेला चहा प्यायला आणि म्हणाला, “ताई, तिसऱ्या आवृत्तीत टोलीसाठी अर्धं पान ठेवलंय. तुम्हीच लिहून द्या. इथलं विहार, वाचनालय, लोक कसे कष्टाळू आहेत, सगळं चांगलं चांगलं. भय्याजींनीच सांगितलंय.”

धुरपतानं विचारलं, “आन् खोल्यायचं पान?”

“ते आहे तसंच राहील.”

“मी अर्धं पान लिवतो. पण खोल्यायच्या पानावरून एक गोष्ट करा. जो घरमालक जात विचारून खोली देते, त्याचं नाव काढा.”

ईश्वर खाली पाहू लागला. खोटं बोलायची सवय त्याला अजून लागली नव्हती. “ताई, मग ते पान कोरं राहील.”

“राहू द्या कोरं,” धुरपता म्हणाली. “आमचं नाही का राहिलं?”

विचारून सांगतो, असं म्हणून तो गेला. पुन्हा आला नाही.

पावसाळ्याआधी गुलाबची बदली नागपूरला झाली. तो रोज तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत येऊ लागला. कमळबागेतून जाताना एखादं दार लोटलं जायचं, एखादी बाई अंगण झाडता झाडता पाठ फिरवायची. टोलीतल्या मुलीनं गावात काय केलं, हे इथवर पोचलं होतं. एक दिवस गुलाब म्हणाला, “मागच्या रस्त्यानं जात जाऊ. थोडा लांब पडते, पण डोक्याले ताप नाही.”

“तुले जाचं असन तर जा,” धुरपता म्हणाली, आणि त्याच रस्त्यानं, मधोमध चालत, थांब्याकडे निघाली.